पारा उचलायचा की अडवायचा? एका सोडून दिलेल्या खाणीबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाऱ्याची एक जुनी खाण, बंद पडून पन्नासेक वर्षं झालेली, मालकाचा पत्ता नाही. डोंगरउतारावर भाजून टाकलेल्या दगडांचा लालसर ढिगारा, त्याच्या बाजूला कोसळलेली भट्टी, एका बोगद्यातून बारा महिने झिरपणारं नारिंगी पाणी, खाली ओढा आणि ओढा जिथे मिळतो तिथे जलाशय. सल्लागाराला मातीत किलोमागे ४०० मिलिग्रॅमपर्यंत पारा सापडला आणि त्याने सगळा ढिगारा खणून दूर नेण्याचा आराखडा दिला. तो बरोबर आहे का? आणि काम झाल्यावर जलाशयातले मासे खाता येतील का?

आराखड्यावर इतक्यात सही करू नका. तो चुकीचाच आहे असं मी म्हणत नाही, पण ४०० हा एक आकडा हातात धरून ठरवण्यासारखी ही गोष्ट नव्हे. मी गेली बावीस वर्षं अशा जागांवर काम करते आहे आणि त्यातली पहिली पाच-सहा वर्षं माझाही जीव याच आकड्यात अडकलेला असायचा. कुठे किती पारा आहे त्याचे रंगीत नकाशे काढायचे आणि जिथे लाल दिसेल तिथे पोकलेन लावायचं. पुढे कळत गेलं की पारा किती आहे यापेक्षा तो कोणत्या रूपात आहे आणि पाण्याबरोबर निघून चालला आहे का, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे. पारा हे मूलद्रव्य आहे. सांडलेल्या तेलासारखा तो जिवाणूंना खाऊ घालून संपत नाही आणि जाळला तर हवेत जातो. तो कुठे राहील आणि कोणत्या रूपात राहील, एवढंच ठरवणं आपल्या हातात असतं.

आधी रूपं बघू. खाणीतलं मूळ खनिज म्हणजे हिंगूळ, पारा आणि गंधक यांचं लाल संयुग. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि पोटात गेलं तरी त्यातला फारच थोडा पारा अंगात शोषला जातो. नुसता हिंगूळ असलेली माती त्यामुळे प्रयोगशाळेच्या कागदावर भयंकर दिसते, पण जागेवर बऱ्याचदा गरीब असते. भाजलेल्या दगडाची तऱ्हा वेगळी. खाणवाले हिंगूळ साधारण ६०० ते ७०० अंश सेल्सिअसवर भाजत. गंधक जळून जाई आणि पाऱ्याची वाफ गार करून पारा गोळा होई. पारा ३५७ अंशांनाच उकळतो, तरी कुठल्याच भट्टीने तो पुरता सोडवून घेतलेला नाही. उरलेल्या चोथ्यात थोडा न भाजलेला हिंगूळ, त्याचंच काळं रूप असलेलं मेटासिनाबार, थोडा मोकळा म्हणजे द्रव धातूच्या रूपातला पारा आणि त्याबरोबर पाऱ्याची क्लोराइडं, ऑक्सिक्लोराइडं, सल्फेटं राहतात. खोडी आहे ती या शेवटच्यांत, कारण त्यांतली बरीचशी पाण्यात विरघळतात. किलोमागे ४०० मिलिग्रॅमचा कच्चा हिंगुळी दगड आणि ४० मिलिग्रॅमचा भाजलेला चोथा शेजारी शेजारी ठेवले, तर पहिल्या पावसात ओढ्याला दुसऱ्याचा उपद्रव जास्त होऊ शकतो. तुमच्या अहवालात हे दोन वेगळे केलेलेच नाहीत. सगळीकडे फक्त 'एकूण पारा'.

तेव्हा पहिलं काम हे करा: वीस-पंचवीस निवडक नमुन्यांचं टप्प्याटप्प्याने निक्षालन करून घ्या, म्हणजे एकेका द्रावणात घालून प्रत्येकात किती पारा सुटतो ते मोजून घ्या. आधी साधं पाणी, मग जठरातल्यासारखं सौम्य आम्ल, मग अल्कली, मग तीव्र नायट्रिक आम्ल आणि शेवटी अम्लराज, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण. हिंगूळ दाद देतो तो फक्त अम्लराजाला. पहिल्या दोन टप्प्यांत किती पारा सुटतो ते बघा, निर्णयाची निम्मी माहिती तिथे असते. नमुने ओव्हनमध्ये वाळवू नका असं प्रयोगशाळेला बजावून सांगा. मोकळा पारा वाळवतानाच उडून जातो आणि मग आकडे सुंदर येतात. हाताळायच्या एक्स-रे यंत्राने जागेवर घेतलेली मापं ढोबळ नकाशासाठी ठीक, पण ओल्या मातीत ती कमी दाखवतात आणि एका बोटाच्या अंतरावर दुसरं माप घेतलं तर दुप्पट येऊ शकतं. पारा मातीत पीठ मिसळावं तसा मिसळलेला नसतो, बुंदीसारखा असतो. म्हणून एका ठिकाणाहून एक खुरपं माती उचलण्यापेक्षा एका पट्ट्यातून तीस-चाळीस चिमट्या गोळा करून एक नमुना करावा. आणि कितीही यंत्रं असली तरी सोनं धुणाऱ्यांची ती पसरट थाळी बरोबर ठेवा. मातीचा एक घाणा ओढ्यावर धुतला की तळाशी लाल कण आहेत की चांदीसारखे थेंब, हे पाच मिनिटांत डोळ्यांना दिसतं.

थेंब दिसले तर ते बहुतेक भट्टीच्या आसपास दिसतील. तुमच्या सल्लागाराने ढिगाऱ्याचे साठ नमुने घेतले आणि भट्टीच्या जोत्याचे तीन. मी उलटं केलं असतं. भट्टीच्या विटा, वाफ गार करायच्या नळ्या, त्यांच्या आतली काळी चिकट काजळी आणि जोत्याखालची जमीन, हा सगळा पसारा क्षेत्रफळाने जागेच्या शंभराव्या हिश्शाएवढाही नसतो, पण मोकळा पारा बराचसा तिथेच साठलेला असतो. पाऱ्याची घनता पाण्याच्या साडेतेरा पट. व्यापाऱ्यांच्या एका लोखंडी बाटलीत ३४.५ किलो पारा भरायचे आणि त्याला जागा लागायची अवघी अडीच लिटर. असा जड द्रव जोत्यातल्या एका भेगेतून उतरला की कातळ लागेपर्यंत खाली जातो आणि कातळालाही भेग असली तर तिथेही थांबत नाही. स्लोव्हेनियातल्या इद्रियाच्या खाणीने ५०० वर्षांत १ लाख टनांहून जास्त पारा दिला. दगडात होता त्यातला जवळपास पाव हिस्सा धुरात, चोथ्यात आणि जमिनीत हरवला असा तिथला हिशेब आहे. चोथा नदीकाठी टाकायची पद्धत होती, आणि आजही मोठा पूर आला की तो गाळ इद्रिइत्सा आणि सोचा नद्यांतून त्रिएस्तेच्या आखातापर्यंत जातो.

म्हणून माझं सरळ मत: भट्टीचा भाग खणून काढा, ढिगारा शक्यतो जागेवर ठेवा. त्याची कारणं पुढे येतील, आधी खणणाऱ्या माणसांबद्दल बोलू. आराखड्यात सुरक्षेला दिलेलं अर्धं पान वाचून मला काळजी वाटली.

गिळलेला मोकळा पारा शरीरात जवळपास शोषला जात नाही, पण श्वासातून आत गेलेली त्याची वाफ सुमारे ८० टक्के शोषली जाते. २० अंशांना बंद जागेतली हवा पाऱ्याने पुरती भरली तर घनमीटरमागे साधारण १४ मिलिग्रॅम वाफ मावते. आठ तासांच्या कामासाठी व्यावसायिक आरोग्यतज्ज्ञ सुचवतात ती मर्यादा आहे ०.०२५ मिलिग्रॅम. म्हणजे भरलेल्या हवेतली वाफ या मर्यादेच्या पाचशे पटींहून अधिक. तापमान दहा अंशांनी वाढलं की हे प्रमाण दुपटीहून थोडं जास्तच होतं. भट्टीचं खणकाम म्हणूनच थंडीत आणि सकाळी करावं. वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, काहीच कळत नाही. साधा धुळीचा मास्क इथे निरुपयोगी आहे, पाऱ्याच्या वाफेसाठीचीच गाळणी हवी. कामाच्या आधी, मध्ये आणि नंतर लघवीची तपासणी हवी. झाडू नको. घरगुती व्हॅक्यूम तर अजिबात नको, तो थेंबांचा फवारा करून हवेत सोडतो. ॲल्युमिनियमची शिडी, पेटी, वजनकाटा असलं काही आणू नका. पारा ॲल्युमिनियमला पोखरून टाकतो. लोखंडाला तो चिकटत नाही, म्हणून तर बाटल्या लोखंडी. बोटातली अंगठी घरी.

एक प्रसंग सांगते. एका जागेवर आम्ही खणकामाभोवती चार मापकं लावली होती आणि दिवसभर सगळी शांत होती. संध्याकाळी सहज म्हणून मी हातातलं यंत्र पोकलेनच्या केबिनमध्ये नेलं, तर काटा मर्यादेच्या कितीतरी वर. चालकाने काचा लावून हीटर चालू ठेवला होता आणि त्याच्या बुटांना भट्टीखालची माती लागलेली होती. उघड्या खड्ड्यात वाऱ्याने वाफ पांगत होती आणि तो बिचारा 'सुरक्षित' केबिनमध्ये बसून ती ओढत होता. तेव्हापासून बूट धुण्याची जागा आणि केबिनचं रोजचं माप या दोन गोष्टी मी कंत्राटातच लिहून घेते.

काढलेल्या पाऱ्याचं करायचं काय, हा पुढचा पेच. तो विकून खर्च भागवता येईल असं कुणीतरी सुचवेलच. नको. युरोपीय संघाने २०११ मध्ये आणि अमेरिकेने २०१३ मध्ये पाऱ्याच्या निर्यातीवर बंदी घातली, त्यामागे एक मोठं कारण होतं: बाजारातला मोकळा पारा फिरत फिरत लहान सोनेखाणींवर पोहोचतो आणि तिथे उघड्या आगीवर त्याची वाफ होते. एका खाणीची घाण निस्तरून दुसरीला पुरवायची नसते. थेंब दिसण्याइतकी समृद्ध माती असेल तर ती बंद भट्टीत तापवून पारा गार करून परत मिळवावा लागतो. अमेरिकेचा नियम किलोमागे २६० मिलिग्रॅम ही रेघ धरतो: त्या वरच्या कचऱ्यातून पारा आधी काढायचा, मग पुरायचं. मिळालेला पारा गंधकाशी घोटून पुन्हा सल्फाइड करायचा. आयुर्वेदाच्या रसशास्त्रातली कज्जली ती हीच, पारा आणि गंधक खलात घोटून केलेली काळी भुकटी. आधुनिक कारखान्यात खलाच्या जागी बंद मिश्रणयंत्र असतं आणि काही पद्धतींत वितळलेल्या गंधकात ती भुकटी गोठवून तिची लादी पाडतात, तत्त्व मात्र तेच. जमिनीतून जे रूप बाहेर काढलं त्याच रूपात परत पाठवायचं.

पण इथे एक धोक्याची सूचना. काही जण ढिगाऱ्यावर चुना आणि सल्फाइडचं द्रावण ओतून 'जागेवरच स्थिरीकरण' करून देतो म्हणतात. गंधक-सल्फाइड जास्त झालं आणि माती अल्कली झाली, तर पाऱ्याची विरघळणारी सल्फाइड संयुगं तयार होतात आणि स्थिर होता तो पाराही चालू लागतो. नुसत्या सिमेंटवरही भरवसा ठेवू नका. कुणी असा प्रस्ताव आणला तर तुमच्याच मातीवर, तुमच्याच पाण्याने, निदान काही महिने चाचणी करून दाखवायला सांगा. आणि सांडलेल्या थेंबांवर गंधकाची पूड शिंपडणं ही तर समजूत काढण्याची गोष्ट आहे. वरून काळी साय धरते, आत पारा तसाच राहतो.

आता ढिगारा. तो उचलून नेण्याआधी एकच प्रश्न विचारा: तो ओढ्याला पारा कधी देतो? याचं उत्तर कोरड्या दिवशी घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांतून मिळत नाही. तुमचे बारा नमुने स्वच्छ हवेत, महिन्याच्या पहिल्या सोमवारी घेतलेले आहेत. कॅलिफोर्नियातल्या गॅम्बोनीनी खाणीचं उदाहरण मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. खाण चालली जेमतेम सहा वर्षं, १९६४ ते १९७०. गाळ अडवणारा बांध १९८२ च्या वादळात फुटला. पुढे १९९८ च्या हिवाळ्यात, एल निन्योच्या पावसात, संशोधकांनी पुराच्या पाण्याचे नमुने घेतले तेव्हा दोन महिन्यांत किमान ८२ किलो पारा त्या लहानशा ओढ्यातून वाहून गेल्याचं दिसलं. तो जवळपास सगळा गाळाच्या कणांना चिकटून जात होता आणि मोजक्या वादळांच्या मोजक्या तासांत जात होता. कोरड्या दिवशी बाटली भरली असती तर 'समस्या किरकोळ' असा अहवाल झाला असता.

म्हणून पुराचे नमुने घ्या, आणि तेही पूर चढताना. पहिल्या लोंढ्यात कण सर्वांत जास्त असतात. उतरत्या पुराचं पाणी तितकंच गढूळ दिसलं तरी त्यात पारा कमी सापडतो. आपोआप नमुना घेणारं यंत्र ओढ्याची पातळी वाढल्याबरोबर सुरू होईल असं लावा. बरोबर गढूळपणा आणि प्रवाह सतत मोजा. प्रत्येक नमुना गाळून आणि न गाळता असा दोनदा तपासा. पाण्यातला पारा लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजायचा असतो, तिथे बाटलीच्या झाकणाला लागलेलं बोटसुद्धा नमुना बिघडवतं. एकाने फक्त बाटली हाताळायची, बाकी सगळं दुसऱ्याने, हा नियम हास्यास्पद वाटतो पण पाळायचा. साध्या प्लॅस्टिकच्या बाटल्या चालत नाहीत, काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या लागतात.

अशी दोन-चार वादळं हाती आली की बहुतेक वेळा चित्र असं निघतं: ढिगाऱ्याचा पायथा ओढा कुरतडतो आहे, वरून डोंगराचं पाणी त्याच्या अंगावरून वाहतं आहे आणि दोन-तीन घळी सगळं नुकसान करत आहेत. उपाय मग पाण्याचा आहे, मातीचा नाही. ढिगाऱ्याच्या माथ्यावर चर खणून डोंगराचं पाणी बाजूने उतरवायचं. पायथा मोठ्या दगडांनी बांधून ओढ्यापासून सोडवायचा, जमलं तर ओढाच थोडा दूर वळवायचा. उतार सौम्य करून पायऱ्या काढायच्या. वर आधी पाणी न झिरपणारा थर, त्यावर पाणी बाजूला नेणारा खडीचा थर, त्यावर निर्मळ माती आणि गवत. झुडपं चालतील, खोल मुळांची झाडं नकोत. शेणखत किंवा कंपोस्ट ओतून गवत लवकर वाढवायचा मोह आवरा, निदान ते चोथ्याला थेट लागू देऊ नका. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातली ह्युमिक द्रव्यं त्या न विरघळणाऱ्या हिंगुळालाही हळूहळू विरघळवतात. गॅम्बोनीनीच्या ढिगाऱ्याचंही असंच उतार सावरून, पाणी वळवून, झाडोरा लावून जागेवरच काम झालं. जगातल्या आजवरच्या पाऱ्यापैकी सुमारे तिसरा हिस्सा ज्या खाणीतून आला त्या स्पेनमधल्या आल्मादेनलाही मुख्य ढिगारा हलवला नाही, जागेवर आकार देऊन झाकला.

हलवण्याचा तोटा निव्वळ पैशाचा नाही. पन्नास वर्षांत ढिगाऱ्याच्या पृष्ठभागावरचे विरघळणारे क्षार बरेचसे धुऊन गेलेले असतात. आत मात्र ते तसेच असतात. तुम्ही खणता तेव्हा ती आतली ताजी बाजू पावसासमोर उघडी करता, हजारो ट्रक धूळ उडवत गावांतून नेता आणि दुसरीकडे दुसरा ढिगारा उभा करता, ज्याला पुन्हा चर, पायथा आणि झाकण हेच लागतं. ढिगारा प्रत्यक्ष पूरपात्रात असेल, घसरण्याच्या बेतात असेल किंवा कुणाच्या अंगणाला लागून असेल तर मात्र उचलायलाच हवा, तिथे माझी हरकत नाही.

अंगणावरून आठवलं. तुमच्या खाणीचा चोथा खडी म्हणून कुठे कुठे गेला आहे ते शोधलंय का? फुकटचा, पाणी निथळणारा, रुळाखाली छान बसणारा माल. त्या काळी त्याला कुणी नाही म्हणत नसे. कॅलिफोर्नियात क्लिअर लेकच्या काठी सल्फर बँक नावाची पाऱ्याची खाण आहे. तिच्या शेजारच्या एलेम या मूलनिवासी वसाहतीत रस्ते आणि घरांची जोती याच मालावर उभी राहिली होती. तो भराव काढायला २००६ उजाडलं आणि त्यासाठी घरंही हलवावी लागली. जुने रस्ते, शाळेचं मैदान, रेल्वेची साइडिंग, हे सगळं एकदा ते एक्स-रे यंत्र घेऊन पायी फिरून या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, ते नकाशांपेक्षा जास्त सांगतात.

बोगद्यातल्या नारिंगी पाण्याबद्दल. नारिंगी रंग लोखंडाचा. खाणीतल्या लोहमाक्षिकाला, म्हणजे लोखंड आणि गंधकाच्या खनिजाला, हवा-पाणी लागून आम्ल होतं, लोखंड विरघळतं आणि बाहेर पडताच त्याचा गेरूसारखा साका बसतो. हा साका पारा पकडून ठेवतो आणि पुरात त्यासकट वाहतो. आराखड्यात बोगद्याचं तोंड काँक्रीटने बंद करण्याची सूचना एका ओळीत उरकली आहे. ती खोडा. आत किती पाणी तुंबलंय हे मोजल्याशिवाय तोंडाला हात लावायचा नसतो. कोलोरॅडोतल्या गोल्ड किंग या सोन्याच्या खाणीवर ५ ऑगस्ट २०१५ रोजी साफसफाईच्याच कामात, ढासळलेलं तोंड उकरताना, आतलं तुंबलेलं पाणी फुटलं आणि १ कोटी लिटरहून जास्त पिवळं पाणी अ‍ॅनिमास नदीत गेलं. आधी वरून भोक पाडून पाण्याची पातळी मोजायची. बाहेर पडणारं पाणी बंद नळातून थेट एका टाकीत घ्यायचं, ढिगाऱ्यावरून वाहू द्यायचं नाही. तिथे चुना देऊन साका बसवायचा आणि तो साका नियमाने काढायचा. एवढ्याने पुष्कळ भागतं. बोगद्यात वटवाघळं असतील तर जाळी आडव्या गजांची बसवा, त्यांना येता-जाता येईल अशी.

हे पाणी पाणथळीत सोडून 'नैसर्गिक शुद्धीकरण' करावं असाही एक मुद्दा आराखड्यात आहे. इतर धातूंच्या खाणींवर ही पद्धत चांगली चालते. पाऱ्याच्या खाणीवर ती मी वापरणार नाही, आणि याचं कारण कळलं की माशांचा प्रश्नही निम्मा कळतो.

माशांत साठतो तो पारा म्हणजे मिथाइल पारा. तो ढिगाऱ्यात जवळपास नसतोच. प्राणवायू नसलेल्या चिखलात राहणारे काही जिवाणू, मुख्यतः सल्फेटवर जगणारे, साध्या पाऱ्याला मिथाइल हा कार्बन-हायड्रोजनचा छोटा गट जोडतात. त्यांच्यातली त्या कामाची जनुकं २०१३ मध्ये ओळखली गेली. खाणीचं पाणी सल्फेटने भरलेलं, पाणथळीत कुजणारा पाला मुबलक, तळाशी प्राणवायू नाही. मिथाइल पारा करायचा कारखाना काढायचा असता तर याहून वेगळं काय मांडलं असतं? एकदा तयार झाला की तो शेवाळात, तिथून सूक्ष्म जीवांत, लहान माशांत, मोठ्या माशांत चढत जातो आणि शिकारी माशात पाण्यातल्यापेक्षा दहा लाख पटींनी किंवा त्याहून जास्त साठतो. जलाशयातही हेच घडतं: उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, खालचं गार पाणी वेगळं पडतं, त्यातला प्राणवायू संपतो आणि तळाचा गाळ कामाला लागतो.

त्यामुळे ओढ्यातला गाळ थांबवला तरी मासे लगेच सुधारत नाहीत, कारण जलाशयाच्या तळाशी आधीच पन्नास वर्षांचा साठा आहे. तो उपसून काढावा का? बहुतेक वेळा नाही. कॅलिफोर्नियात अमेरिकन नदीच्या दक्षिण फाट्यावर केलेली एक चाचणी मला इथे आठवते. सोन्याच्या जुन्या खाणींतून आलेला पारा तळाशी होता आणि तो ओढण्यासाठी सोनं शोधणाऱ्यांचा पंप वापरून पाहिला. पंपाने सुमारे ९८ टक्के पारा पकडला. ऐकायला छान. पण निसटलेला पारा पिठासारखा बारीक होऊन गाळाबरोबर गेला आणि त्या गाळात किलोमागे २४० मिलिग्रॅम पारा निघाला. तळाशी निपचित पडलेला जड थेंब मासळीच्या फारसा वाट्याला जात नाही. त्याची भुकटी करून प्रवाहात सोडली की जाते.

तळाला न ढवळता करता येण्यासारखं काही आहे. खोल पाण्यात प्राणवायू सोडता येतो किंवा नायट्रेट देता येतं, म्हणजे जिवाणूंना सल्फेटकडे वळायची गरजच पडत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑनन्डागा तलावात, तिथला पारा खाणीचा नसून कारखान्यांचा, २०११ पासून नायट्रेट दिलं आणि तळातून सुटणारा मिथाइल पारा स्पष्ट कमी झाला. कॅलिफोर्नियातल्या न्यू आल्मादेन खाणीच्या खालच्या जलाशयांत प्राणवायूचा प्रयोग झाला. तिथे पाण्यातला मिथाइल पारा घटला, पण माशांतली घट तितकी सरळ आली नाही. तळात शोषक कोळसा पसरण्याचाही पर्याय आहे, लहान जागेसाठी बरा. हे सगळं वर्षानुवर्षं चालवत राहावं लागतं, त्याच्या खर्चाची तजवीज आराखड्यात आत्ताच हवी. आधी वरून येणारा गाळ बंद, मग जलाशय. उलटं केलंत तर पालथ्या घड्यावर पाणी.

काम लागू पडलं का हे कसं ओळखायचं तेही आधीच ठरवा, नाहीतर पहिल्या कोरड्या वर्षी सगळे एकमेकांना हार घालतील. पाऊस कमी तर पारा कमी, त्यात तुमचं कर्तृत्व नाही. कामाच्या आधीच्या पुरांमधून 'इतका प्रवाह असताना इतका पारा' असा आलेख तयार ठेवा आणि कामानंतरच्या पुरांचे बिंदू त्याच आलेखावर टाका. त्याच प्रवाहाला बिंदू खाली पडले तरच सुधारणा. म्हणून काम सुरू होण्याआधीचे एक-दोन पावसाळे मोजमापासाठी मागून घ्या. सगळ्यांना घाई असते, तरी मागा. माशांत एका वर्षाच्या आतले लहान मासे मोजा, दर वर्षी त्याच हंगामात आणि त्याच लांबीचे. मोठा शिकारी मासा गेल्या आठ-दहा वर्षांचा हिशेब अंगात घेऊन फिरत असतो, तो यंदाचं काही सांगत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, मासे खाता येतील का. मोठे शिकारी मासे बरीच वर्षं नाही, असं मी गावकऱ्यांना स्पष्ट सांगेन. किती वर्षं ते लहान माशांच्या आकड्यांवरून दिसत जाईल. लहान, शेवाळ खाणाऱ्या जातींत पारा बराच कमी असतो आणि तपासणीत ठीक निघाल्या तर त्या मोजक्या प्रमाणात चालतील. पण गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुलं यांच्यासाठी वेगळी, कडक मर्यादा हवी. गर्भाचा मेंदू याला सर्वांत आधी बळी पडतो. कातडी काढली, चरबी काढली, उकळलं, तळलं तरी उपयोग नाही, मिथाइल पारा मांसातल्या प्रथिनांनाच धरून असतो. आज जे लोक तिथे गळ टाकून बसले आहेत त्यांना यातलं काहीच माहीत नसणार. माशांच्या चित्रांसकट फलक याच महिन्यात लावा, त्याला कुठल्याही आराखड्याच्या मंजुरीची गरज नाही.